एचआयव्हीचा कागद घेतलात, आता गरमीचाही घ्या

दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या खोलीबाहेरचं बाक भरलेलं असतं. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं सणाला गावी आलेली असतात. त्यातली काही जण परतीच्या गाडीत बसायच्या आधी आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक फेरी मारतात. मी इथल्या आयसीटीसीत समुपदेशक आहे, सतरा वर्षं झाली. आयसीटीसी म्हणजे जिथं एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि आधी-नंतर तुमच्याशी बोललं जातं ती खोली.

या सतरा वर्षांत एक गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की शेवटी लिहायला बसले. एचआयव्ही निगेटिव्ह म्हणून सांगितलं की समोरच्या माणसाचा चेहरा सैल होतो, तो देवाचं नाव घेतो आणि उठतो. मी म्हणते, "दादा, बसा. अजून एक कागद आहे." त्याच्या कानात ते शिरतच नाही. त्याला ज्याची भीती होती ते नाही म्हटल्यावर बाकी सगळं त्याच्या लेखी संपलेलं असतं. दुसरा कागद सिफिलिसचा असतो. आपल्याकडं जुनी माणसं त्याला गरमी म्हणतात, पुस्तकात उपदंश म्हणतात. कित्येकदा तो कागद टेबलावरच राहतो. ज्या आजारावर नेमकं इंजेक्शन आहे, जो पूर्ण बरा होतो, तोच आजार असा घरी जातो, बायकोला होतो, पोटातल्या बाळाला होतो. म्हणून हे सगळं क्रमानं सांगते.

कुठं जायचं आणि काय म्हणायचं

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सांगलीचं सिव्हिल, कुठंही चालेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातही पहिली तपासणी होते. केसपेपर काढताना खिडकीवर आजार सांगायची गरज नाही, "आयसीटीसीत जायचंय" एवढं पुरे. आपल्या गावच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर शेजारच्या तालुक्याला जा. तासगावची माणसं कवठेमहांकाळला जातात, आमच्याकडं पलूसची येतात, त्यात वावगं काही नाही. १०९७ हा एड्सविषयक मदतीचा मोफत फोन नंबर आहे. जवळचं केंद्र कुठं आहे ते तिथं विचारता येतं.

उपाशीपोटी यायचं नाही. हा प्रश्न मला रोज विचारतात. चहा-भाकरी खाऊन या, नाहीतर रक्त काढताना घेरी येते.

आत आल्यावर एक वाक्य नक्की म्हणा: "माझी एचआयव्ही आणि व्हीडीआरएल, दोन्ही करा." व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही सिफिलिसची रक्ततपासणी. दोन्ही नावं लक्षात राहिली नाहीत तर "गरमीची पण करा" म्हणा, समजतं. एकाच वेळी काढलेल्या रक्तातून दोन्ही होतात, दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही. खासगी लॅबमध्ये जाणार असाल तर तिथंही दोन्ही नावं सांगा, कारण नुसतं एचआयव्ही म्हटलं तर नुसतं तेवढंच करतात.

मग मी काही प्रश्न विचारते आणि त्यात लाजण्याजोगं काही वाटून घेऊ नका. संबंध शेवटचा कधी आला, निरोध होता का, अंगावर फोड-जखम काही आलं होतं का, पूर्वी असलं काही इंजेक्शन घेतलं होतं का. यातली तारीख सगळ्यांत महत्त्वाची. विषाणू अंगात शिरला की दुसऱ्या दिवशी तपासणीत दिसत नाही. शरीरानं त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो आणि आमचे किट ती प्रतिपिंडं शोधतात. म्हणून काल घडलं आणि आज निगेटिव्ह आलं याला काही अर्थ नाही. आज करा, सहा आठवड्यांनी करा आणि तीन महिने भरल्यावर एकदा करा. तो तिसरा कागद खरा. सिफिलिसलाही हाच हिशेब लागतो.

एक अपवाद मात्र आहे. लघवीच्या जागी, गुदद्वाराशी किंवा तोंडात जखम असेल तर तीन महिने वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. सिफिलिसची जखम लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी उठते, कधी दहाच दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. ती एकच असते, कडेनं टणक असते आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच माणूस फसतो. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरून येते. स्टँडमागच्या भिंतीवर ज्यांच्या जाहिराती असतात त्यांनी दिलेल्या पुडीनं ती बरी झाली असं वाटतं. जखम गेली, जंतू आत राहिला. पुढं काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, न खाजणारे तांबूस डाग उठतात, तेही जातात. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, आणि काहींना पुढं मेंदू, डोळे, हृदय यांना त्रास होतो. जखम ताजी असताना रक्ताची तपासणी कधी कधी निगेटिव्ह येते. तेव्हा डॉक्टर डोळ्यांनी बघून औषध देतात, आणि तेच योग्य आहे. आमच्याकडं गुप्तरोगांच्या औषधांचे संच रंगांनी ओळखतात. अशा जखमेसाठी पांढरा संच असतो, पेनिसिलिन चालत नसलेल्यांसाठी निळा. मेडिकलमधून मलम आणून चोळत बसलात तर निदान आणखी अवघड होतं.

किटवरच्या रेघा

गरोदर बायकांसाठी आता एकाच पट्टीवर दोन्ही आजार दाखवणारं किट वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गरोदरपणातली पहिली तपासणी म्हणून त्याची शिफारस केली. बोटाला टोचून एक थेंब घेतात, पट्टीच्या खळग्यात सोडतात, वर द्रवाचे थेंब टाकतात आणि घड्याळ बघतात. रक्ताचा तांबूसपणा पट्टीवरून हळूहळू सरकत जातो, मागं पांढरं होत जातं आणि मग एक रेघ उमटते. ती किट नीट चालल्याची खूण असते, आजाराची नाही. मी पाहिलंय, ही पहिली रेघ दिसली की बाई रडायला लागते. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. आमची लॅबवाली ताई पट्टी उलटी झाकून ठेवत नाही आणि वेळ व्हायच्या आत काही बोलतही नाही, दोन्ही बरोबर आहे.

एचआयव्हीचं एक किट रिअॅक्टिव्ह आलं, म्हणजे त्यावर आजाराची रेघ उमटली, म्हणून एचआयव्ही झाला असं नाही. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी तीन किट रिअॅक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह लिहितात. तिन्हींचं जुळलं नाही तर दोन ते चार आठवड्यांनी परत बोलावतात. त्यामुळं शिबिरात किंवा खासगी लॅबमध्ये एका पट्टीवर आजाराची रेघ आली म्हणून कुणी घाबरवलं तर जीवाचं काही करून घेऊ नका, आयसीटीसीत या.

सिफिलिसचा कागद वाचणं जरा अवघड आहे, म्हणून इथं थांबते. त्याच्या तपासण्या दोन जातीच्या आहेत. पट्टीवरची तपासणी आणि टीपीएचए या पहिल्या जातीच्या. त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात, आणि ही प्रतिपिंडं बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात, आजार बरा झाला तरी. व्हीडीआरएल आणि आरपीआर दुसऱ्या जातीच्या. त्यांत आकडा येतो: एकास दोन, एकास आठ, एकास बत्तीस. हा आकडा आजाराच्या जोराप्रमाणं चढतो आणि उपचारानं उतरतो. एकास दोनसारखा छोटा आकडा कधी कधी गरोदरपणामुळं, मलेरिया, कुष्ठरोग किंवा ल्युपससारख्या आजारामुळंही येतो, म्हणून पहिल्या जातीची तपासणी जोडीला लागते.

हे कळलं नाही की घर मोडायची वेळ येते. आमच्याकडच्या एका वहिनींना पहिल्या बाळंतपणात सिफिलिस निघाला होता. दोघांनीही इंजेक्शनं घेतली, बरे झाले, मुलगा धडधाकट झाला. सहा वर्षांनी दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा दुसऱ्या तालुक्यात तपासणी झाली आणि पट्टीवर पुन्हा सिफिलिसची रेघ. मालक म्हणाले, मी बरा झालो होतो, मग हिला परत कुठून आला? त्या माहेरी निघून आल्या होत्या. मी त्यांची जुनी चिठ्ठी मागितली. आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती निघाली. त्यावर इंजेक्शनांच्या तारखा होत्या आणि शेवटचा आरपीआर एकास एक होता. नवा आरपीआर करून घेतला, निगेटिव्ह. मालकांना समोर बसवून दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पट्टी कशी चालते ते सांगितलं. त्यांनी मान खाली घातली आणि वहिनींची पिशवी उचलली.

म्हणून सांगते, सिफिलिसच्या उपचाराची चिठ्ठी फेकू नका. आधार कार्डासारखी जपा. पुढं कुठंही तपासणी झाली की आधी ती दाखवा.

इंजेक्शन

पेनिसिलिननं सिफिलिस बरा होतो हे १९४३ पासून माहीत आहे, आणि आजही हेच पहिलं औषध आहे. बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, म्हणजे १२-१२ लाखांच्या दोन बाटल्या, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. आजार लागून वर्षाच्या आत असेल तर एकदाच. वर्षाच्या वरचा असेल किंवा कधीचा आहे कळत नसेल तर आठवड्याला एक डोस असे तीन आठवडे. तीनातला एकही चुकवायचा नाही. एचआयव्ही असलेल्यांनाही ताज्या सिफिलिसमध्ये तीन डोस द्यावेत का यावर बरीच वर्षं वाद होता. २०२५ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात एक डोस तीनइतकाच पुरेसा ठरला.

इंजेक्शन दुखतं, खोटं सांगत नाही. बाटलीत पांढरी पूड असते. आमच्या सिस्टर त्यात पाणी सोडतात आणि बाटली दोन्ही तळहातांत धरून रवीसारखी फिरवतात, जोरात हलवत नाहीत, कारण फेस होतो. औषध दुधासारखं दाट होतं आणि बारीक सुईत अडकतं, म्हणून जाड सुई घ्यावी लागते. ते सावकाश दाबतात, घाई केली तर जास्त ठणकतं. टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसवून ठेवतात, रिअॅक्शन आलीच तर समोर असावी म्हणून. त्या रात्री ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. तो औषधाचा दोष नाही, जंतू एकदम मरतात त्यामुळं होतं. दिवसभरात उतरतं. पॅरासिटामॉल घ्या. गरोदर बाईला मात्र पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच दवाखाना गाठा.

आता एक तक्रार, आणि ती मनापासून आहे. पेनिसिलिनची रिअॅक्शन क्वचित पण जीवघेणी असू शकते. त्या भीतीनं कित्येक डॉक्टर ते टोचायचंच टाळतात. पाच वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात एक पोर माझ्याकडं आली. सहाव्या महिन्यात तिचा रिपोर्ट आला होता आणि एका खासगी डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या होत्या. तिनं त्या इमानानं घेतल्या. गोळ्यांनी आईचा आजार दबला तरी बाळापर्यंत भरवशाचं औषध पोचत नाही. गरोदरपणात सिफिलिसला पेनिसिलिनच लागतं, त्याला पर्याय नाही. पेनिसिलिनची खरोखर अॅलर्जी असेल तर मोठ्या दवाखान्यात अगदी थोड्या थोड्या मात्रेनं शरीराला सवय लावून तेच देतात. तिचा आकडा एकास बत्तीस होता. आम्ही इंजेक्शनं सुरू केली, पण तिसऱ्यानंतर दहाव्या दिवशी ती बाळंत झाली. बाळंतपणाच्या आधी निदान तीस दिवस औषध पोचलं पाहिजे असा नियम आहे. ते पोचलं नव्हतं, म्हणून त्या अडीच किलोच्या जीवाला दहा दिवस शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागलं. बाळ वाचलं, आता अंगणवाडीत जातं. पण ते दोन महिने वाया गेले नसते तर त्याच्या हाताला सुई लागली नसती.

गरोदर असाल आणि कुणी सिफिलिसवर नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर तिथंच विचारा, "पेनिसिलिन का नाही?" उत्तर पटलं नाही तर त्याच दिवशी सिव्हिलला जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञ करतात, तोही दिवस लक्षात ठेवा. उपचार न झालेल्या सिफिलिसमध्ये निम्म्याहून जास्त गरोदरपणांत काही ना काही वाईट होतं, गर्भपात होतो, बाळ मेलेलं जन्मतं, अशक्त जन्मतं. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख बाळांना आईकडून सिफिलिस गेला. तोही एका स्वस्तातल्या इंजेक्शनानं थांबणारा आजार.

गरोदर नसलेल्या आणि पेनिसिलिन न चालणाऱ्या माणसाला डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात, १४ दिवस किंवा आजार जुना असेल तर २८ दिवस. त्या पुऱ्या करायच्या.

जोडीदाराशी कसं बोलायचं

एकट्यानं उपचार घेतला आणि जोडीदार तसाच राहिला तर आजार परत येऊ शकतो. सिफिलिस एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं मुळीच नाही. त्यामुळं दोघांनाही औषध लागतं, आणि इंजेक्शनानंतर जखमा भरेपर्यंत व जोडीदाराचा उपचार होईपर्यंत संबंध टाळायचा.

सांगायचं कसं हे लोक मला विचारतात. माझा अनुभव असा की "तुझ्यामुळं" हा शब्द पहिल्या वाक्यात आला की पुढचं काही ऐकलं जात नाही. "माझ्या रक्तात एक दोष निघालाय, औषध आहे, दोघांनी घेतलं तरच जातं, उद्या तूही चल" इतकंच म्हणा. कुणाकडून आला ते तपासणी सांगू शकत नाही, हेही खरं आहे. ते नंतर बोलायचं तर बोला. घरात मारहाणीची भीती असेल तर एकटीनं सांगू नका, आधी आमच्याशी बोला. जोडीदाराला इथं बोलावून आम्हीही सांगतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नीट समजावून घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करायची नाही, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही, एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून हाकलायचं नाही, हे सगळं त्यात आहे. सासू बाहेर बसली असेल तरी तिला मी काही सांगत नाही.

मालक परगावी असतील तर काय? पाचव्या महिन्यातल्या एका बाईचे मालक कोइमतूरला गलाईच्या दुकानात होते, गाव गाठायला दोन दिवस लागणार आणि शेठ सोडणार नाही. मी एका कागदावर औषधाचं नाव, मात्रा आणि कारण इंग्रजीत लिहिलं, खाली शिक्का मारला, आणि तिनं त्याचा फोटो त्यांना पाठवला. ते तिथल्या सरकारी दवाखान्यात गेले, इंजेक्शन घेतलं आणि केसपेपरचा फोटो परत आला. भाषा येत नसली तरी कागद बोलतो. परगावच्या कुणालाही असा कागद हवा असेल तर मागून घ्या.

एचआयव्ही पॉझिटिव्ह आला तर

१९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूनं भारतातला पहिला एचआयव्ही शोधला. मी नोकरीला लागले तेव्हाही सीडी४ पेशींचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा खाली येईपर्यंत औषध मिळत नसे, आणि ती वाट बघण्यात माणसं खंगत. २०१७ पासून तसं नाही. निदान झालं की औषध सुरू. सांगलीच्या सिव्हिलमध्ये एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र आहे, औषध मोफत आहे. बहुतेकांना रोज एक गोळी, तीन औषधं एकत्र असलेली, रोज एका ठरलेल्या वेळी. बहुतेक जण रात्री जेवणानंतर घेतात. टीव्हीवरची मालिका संपली की, असं काहीतरी बांधून घ्या. गोळ्या संपायच्या आधी आठवडाभर सेंटरला जा, यात्रा, लग्न, ऊसतोड काहीही असलं तरी. परगावी जाणार असाल तर जास्तीच्या गोळ्यांचं किंवा तिकडच्या सेंटरला नाव हलवायचं आधी बोलून ठेवा. टीबीची लक्षणं असतील तर ती पहिल्याच दिवशी सांगा.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड करतात. रक्तात विषाणू किती, ते त्यात कळतं. गोळ्या नेमानं घेतल्या तर तो इतका कमी होतो की मोजता येत नाही. मग संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर झाला, त्यात पुणे आणि चेन्नईची जोडपीही होती. २०११ मध्ये दिसलं की लवकर औषध सुरू केल्यानं जोडीदाराला लागण होणं ९६ टक्क्यांनी कमी झालं. नंतर युरोपातल्या पार्टनर अभ्यासात, विषाणू दबलेल्या जोडप्यांचे निरोधाशिवाय सुमारे ५८ हजार संबंध मोजले, त्यात जोडीदाराकडून लागण झालेला एकही सापडला नाही. एचआयव्ही असलेल्या आईनं औषध घेतलं नाही तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, औषध घेतलं तर ५ टक्क्यांच्या खाली येते. बाळाला जन्मल्यापासून औषधाचा सिरप देतात आणि सहा आठवड्यांनी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी होते.

पण व्हायरल लोड दबलेला असला तरी सिफिलिस अडत नाही. एआरटीवरच्या माणसांनी वर्षातून एकदा तरी व्हीडीआरएल करावी. सिफिलिसच्या जखमेतून एचआयव्ही आत शिरायलाही वाट सोपी होते, म्हणून हे दोन आजार एकमेकांच्या पाठोपाठ येतात.

होऊ नये म्हणून

निरोध. आमच्या खोलीबाहेर डबा असतो, त्यातून न विचारता घ्या. तारीख बघा, पाकीट दातानं फाडू नका, टोकाशी चिमूट धरून हवा काढा आणि मग गुंडाळी उलगडत चढवा. खोबरेल, व्हॅसलीन लावू नका, रबर फाटतं. पाण्यात मिसळणारं वंगण वापरा. खिशात, पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलं निकामी होतं. सिफिलिसची जखम निरोधानं झाकली न जाणाऱ्या जागीही असू शकते, म्हणून निरोध वापरणाऱ्यांनीही तपासणी सोडू नये.

सांगलीत हे काम नवीन नाही. मीना शेषू यांची संग्राम ही संस्था १९९२ पासून धंदा करणाऱ्या बायकांबरोबर काम करते आहे, आणि १९९६ मध्ये त्या बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. एकमेकींना निरोध पोचवणं, दवाखान्यात सोबत जाणं, पोलिसांसमोर उभं राहणं हे त्यांनीच केलं. मी शिकत होते तेव्हा समुपदेशन पुस्तकातून शिकले. "बाई, गिऱ्हाईक निरोध नको म्हणालं तर काय म्हणायचं" हे मात्र त्यांच्याकडून ऐकलं. त्यांच्यातल्या एकीचं वाक्य मी अजून वापरते: "नको असेल तर पैसे परत घे, जीव परत मिळत नाही."

निरोध फाटला, जबरदस्ती झाली, किंवा दवाखान्यात काम करताना सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत, आणि खरं तर दोन तासांत मिळालं तर उत्तम, पीईपीची, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखणारी, औषधं सुरू करायची असतात, २८ दिवस. हे "उद्या बघू" म्हणण्यासारखं नाही. रात्री अकरालाही कॅज्युअल्टीत जा आणि "पीईपी पाहिजे" म्हणा. रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी, प्रेप, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मिळते. ती एचआयव्ही अडवते, गरमी नाही. सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या लेनाकॅपॅव्हिर या इंजेक्शनाचा अभ्यास २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडात झाला. ते घेतलेल्या तरुण मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ती बातमी वाचली त्या दिवशी मी लॅबवाल्या ताईला मोठ्यानं वाचून दाखवली होती.

पुढच्या तारखा

सिफिलिसचं इंजेक्शन घेतल्यावर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आरपीआर परत करायची. शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडा थोडा इकडं-तिकडं होतो. एकास बत्तीसचा एकास आठ झाला म्हणजे चौपट उतरला, औषध लागू पडलं. एकास बत्तीसचा एकास सोळा हा फरक धरायचा नाही. आकडा उलटा चढला तर पुन्हा लागण झाली असेल किंवा उपचार कमी पडला असेल, डॉक्टरांना दाखवा. काहींचा आकडा एकास दोनवर येऊन तिथंच थांबतो, त्यात घाबरायचं काही नसतं, पण ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं असावं.

तारखा आकड्यांत लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सणांना बांधून देते. दिवाळीत इंजेक्शन झालं असेल तर संक्रांतीनंतर एकदा, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला एकदा आणि पुढच्या दिवाळीला एकदा. गेल्या दिवाळीला दुसरा कागद न घेता निघालेला एक गलाईवाला दादा बसस्टँडवरून परत आला होता, मी दोनदा फोन केला म्हणून. त्याचा आकडा होता एकास चौसष्ट. अक्षय्य तृतीयेला यात्रेसाठी आला तेव्हा बायकोला घेऊनच आला. त्याचा एकास चार, तिचा निगेटिव्ह. दोघांचे कागद मी एकाच पिशवीत घातले आणि मागच्या बाजूला लाल पेननं लिहिलं, वसुबारसेच्या आधीचा सोमवार, दोघांनी यायचं.